नमुना कोण आखतो?

सातबारा पाहण्यासाठी महाभूलेखाचे पान उघडले की आधी विभाग विचारला जातो. अमरावती म्हटले की पाच जिल्हे खाली उतरतात, यवतमाळ म्हटले की सोळा तालुके, झरी जामणी म्हटले की त्या तालुक्यातली गावे आणि गाव ठरले की खातेदार. ही नावे कोणी पडद्यावर एकेक करून रंगवलेली नाहीत. कुठेतरी एक यादी आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणता तालुका आणि कोणत्या तालुक्यात कोणते गाव हे तीत ठरावीक शिस्तीने लिहिलेले आहे, आणि यंत्र ती वाचून त्या क्षणी चौकट उभी करते. यादीत गाव असेल तर पडद्यावर गाव असते. यादीतून ते गळले, तर गावात माणसे, गुरे, मारुतीचे देऊळ सारे जागच्या जागी असूनही पडद्यापुरते ते गाव नसते. मजकूर वाचून पडदा उभा करण्याची ही युक्ती संगणकवाल्यांना रोजच्या सोयीची वाटते. यवतमाळ जिल्ह्याच्या महसुली इतिहासाकडे पाहिले, तर ती फार जुनी निघते आणि तितकीशी निरुपद्रवीही राहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे : अर्ज म्हणजे पडद्यावर दिसणारी चौकट नव्हे, तिच्यामागे लिहिलेले वर्णन म्हणजे खरा अर्ज. दीडशे वर्षांत हे वर्णन बदलणे सोपे होत गेले, पण ज्याच्याविषयी ते लिहिलेले असते त्याच्या नजरेआडही होत गेले.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतरच्या दशकात इथे जी जमीनमोजणी आणि आकारणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवरची, रयतवारी होती. आजच्या यवतमाळचा बराचसा भाग १८६४ साली वणीच्या नावाने वेगळा जिल्हा झाला, इंग्रज त्याला ‘वून’ लिहीत. १९०५मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे आले आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या साऱ्या काळात गावच्या दप्तराचा भार वतनदार पटवाऱ्यावर होता. त्याच्या रुमालात बांधलेल्या कागदांना पिढीजात वळण होते, पण इंग्रजी राज्याला वळण नको होते, नमुना हवा होता. दोन गावांचे कागद शेजारी ठेवले तर तिसऱ्या रकान्यात तीच गोष्ट सापडली पाहिजे, तरच तालुक्याची बेरीज होते आणि तालुक्यांची बेरीज झाली तरच जिल्ह्याचा आकडा वर जातो. म्हणून रकान्यांचे वर्णन आधी वर तयार होऊ लागले आणि त्याबरहुकूम कागद गावोगाव आखले जाऊ लागले. मुंबई इलाख्यात ही पद्धत सर्वांत रेखीव झाली. एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबाच्या पुस्तकाने गावच्या दप्तराचे एक ते एकवीस नमुने इतके नेमके सांगितले, की महसूल खात्यात आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हटले की वेगळे काही सांगावे लागत नाही. पहिला नमुना आकारबंदाचा, सहावा फेरफाराचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खात्याचा, बारावा पिकांचा. सातवा आणि बारावा एका कागदावर आले आणि मराठीला ‘सातबारा’ हा शब्द मिळाला. दोन नमुन्यांच्या क्रमांकांचा शब्द व्हावा आणि त्यावर लोकांनी लग्ने ठरवावीत व मोडावीत, हे भाग्य फार थोड्या कारकुनी आकड्यांच्या वाट्याला आले असेल.

वऱ्हाड १९५६च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. पण जमिनीचे कायदे एका रात्रीत एक झाले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची, अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ रोजी, आणि अधिकार अभिलेखाचे नियम आले १९७१मध्ये. त्या नियमांना नमुने जोडलेले आहेत. ही बाब किरकोळ नाही. कायदा सांगतो काय करायचे, आणि त्याच्या मागे जोडलेले कागद सांगतात कोणत्या रकान्यात काय भरायचे. हे जोडकागद राजपत्रात छापले जातात, पुस्तकांच्या दुकानात मिळतात आणि दारव्ह्याचा वकील तो नमुना अर्जाला जोडून तहसीलदारापुढे भांडू शकतो. नमुना आखला वरच, गावाला कोणी विचारले नाही, तरी तो उघड्यावर होता.

संगणकाने या गोष्टीत काय बदलले हे समजायला त्या तंत्राची थोडी ओळख हवी. सुरुवातीला पडद्यावरचा प्रत्येक अर्ज प्रोग्रॅमर हाताने बांधत असे : इथे नावाची चौकट, तिथे तारखेची, खाली बटण. एक प्रश्न वाढवायचा तर प्रोग्रॅम उघडून पुन्हा लिहावा लागे. मग असा विचार आला, की अर्जाचे वर्णन प्रोग्रॅमच्या बाहेर, साध्या मजकुराच्या फायलीत ठेवावे आणि प्रोग्रॅमने ते वाचून अर्ज रंगवावा. ऑक्टोबर २००३मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने ‘एक्सफॉर्म्स’ नावाचे मानक प्रसिद्ध केले, ते याच विचाराचे. ब्राउझरांत ते फारसे रुजले नाही, पण २००८च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात गेटानो बोरिएल्लो यांच्या पुढाकाराने ‘ओपन डेटा किट’ सुरू झाले तेव्हा त्याच्या मुळाशी हेच होते. त्यातून पुढे वर्णनाची सोपी पद्धत आली, ‘एक्सएलएस-फॉर्म’. साधा तक्ता, त्याच्या पहिल्या रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात त्याचे यंत्रासाठीचे नाव, तिसऱ्यात माणसाला दिसणारे वाक्य. ‘एक निवडा’ असा प्रकार लिहिला की पडद्यावर गोल टिकल्या येतात, ‘पूर्णांक’ लिहिले की आकड्यांचा कळफलक उघडतो, ‘स्थान’ लिहिले की फोन उपग्रहाला विचारून अक्षांश-रेखांश टिपतो. आणखी दोन रकाने महत्त्वाचे. एक सांगतो, हा प्रश्न कधी दाखवायचा : सिंचन आहे असे उत्तर आले तरच विहिरीविषयी विचारायचे. दुसरा सांगतो, कोणते उत्तर मान्य करायचे. मराठी वाक्याच्या शेजारी आणखी एक रकाना वाढवला, तर तोच अर्ज कोलामीत किंवा गोरमाटीत उघडतो. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. जगभर आरोग्याची, शेतीची, दुष्काळाची पाहणी करणाऱ्या संस्था या पद्धतीने काम करतात, कारण तक्ता लिहू शकणारा कोणीही अर्ज बनवू शकतो. हे खरोखर मोठे पाऊल होते. अँडरसनच्या पुस्तकातले वर्णन वाचून कागद आखायला माणूस लागत असे, आता वर्णन स्वतःच स्वतःला आखते.

तंत्र एवढे चांगले असताना कुरकुर कशासाठी, याचे उत्तर यवतमाळच्याच एका कागदात आहे आणि त्याचा संगणकाशी काही संबंध नाही. २००५-०६ या वर्षांत शेतकरी आत्महत्यांचा विषय या जिल्ह्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. मृताच्या वारसांना एक लाख रुपये मदत द्यायची, तर आत्महत्या ‘पात्र’ आहे की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवायचे. २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयाने त्याचे निकष घालून दिले : नापिकी, राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे कर्ज, आणि वसुलीचा तगादा. ‘मान्यताप्राप्त’ हा एक शब्द पाहा. परवाना नसलेल्या सावकाराचे, कृषी केंद्रवाल्याच्या उधारीचे किंवा सोयऱ्याकडून उचललेले कर्ज या रकान्यात मावत नव्हते, आणि कापसाच्या पट्ट्यातला बुडता शेतकरी शेवटी नेमका याच दारांशी जातो. सातबारा ज्याच्या नावावर तो शेतकरी, या व्याख्येमुळे बापाच्या नावावरचे वावर कसणारा मुलगा आणि सासऱ्याच्या नावावरच्या वावरात आयुष्य घालवणारी सून यांना शेतकरी म्हणून मोजण्यात अडचण येई. पी. साईनाथ यांनी त्या काळात ‘द हिंदू’मधून पात्र-अपात्रतेच्या या गणितावर सातत्याने लिहिले. मृत्यू कमी-जास्त होण्याआधी रकाने बदलून आकडा कमी-जास्त होतो, हे त्या वर्षांत यवतमाळने देशाला दाखवले. हा सारा व्यवहार कागदावरचा होता. दोष यंत्राचा नव्हता, वर्णनाचा होता. म्हणूनच यंत्र आल्यावर वर्णनाकडे अधिक डोळसपणे पाहायला हवे होते.

२०१७च्या कर्जमाफीत तसे झाले नाही. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना २४ जून २०१७ रोजी जाहीर झाली : ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखांची मर्यादा. आधीच्या, २००८च्या कर्जमाफीत लाभ अपात्रांना गेल्याची ओरड झाली होती. तेव्हा या वेळी प्रत्येकाने ऑनलाइन अर्ज करावा, आधार द्यावा, असे ठरले. हेतू वाईट नव्हता. पण अर्ज उघडला तेव्हा त्याच्या मुळाशी एक व्याख्या बसलेली दिसली. लाभाचा घटक व्यक्ती नसून कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अठरा वर्षांखालील मुले. यवतमाळच्या खेड्यात कुटुंब हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येतो तो एका चुलीचा संसार. म्हातारा बाप, दोन भाऊ, एक विधवा बहीण, सातबारा एकाचा, पीककर्ज दुसऱ्याच्या नावाने. त्या संसाराला अर्जात जागा नव्हती. सेवा केंद्रांपुढे रात्री-अपरात्री रांगा लागल्या, बोटांचे ठसे जुळेनात, मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत समारंभाने प्रमाणपत्रे वाटली गेली आणि मग कळले, की बँकांकडून आलेली माहिती आणि अर्जातली माहिती एकमेकींशी बोलायलाच तयार नाहीत. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले. माहितीतंत्रज्ञान विभागावर सारे खापर फुटले. माझ्या मते ते अर्धेच न्याय्य होते. यंत्राने दिलेले वर्णन प्रामाणिकपणे रंगवले, वर्णन लिहिणाऱ्याने गाव पाहिलेले नव्हते.

याला उत्तम पुरावा पुढच्याच योजनेचा आहे. डिसेंबर २०१९मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. मर्यादा दोन लाख, घटक कुटुंब नव्हे तर वैयक्तिक शेतकरी, आणि अर्जच नाही. बँकांनी खाती कळवायची, यादी गावात लावायची, शेतकऱ्याने आधार घेऊन केंद्रावर जायचे, पडद्यावरचा आकडा पाहायचा आणि मान्य आहे किंवा नाही एवढेच सांगायचे. फेब्रुवारी २०२०मध्ये पहिली यादी लागली. राज्य तेच, बँका त्याच, आधारही तेच. फरक पडला तो व्याख्येने. घटक बदलला आणि प्रश्नांची यादी दोन बटणांवर आली. शिवाय यादी चावडीवर टांगली गेली. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला केंद्रावर जाण्याआधी चारचौघांत वाचता आले.

यावर कोणी म्हणेल, की रकाने कायमच वरून ठरत आले. वऱ्हाडच्या पटवाऱ्यालाही कोणी विचारत नव्हते, मग मजकुराच्या फायलीने नवे काय बिघडवले? आक्षेप खरा आहे, पण त्यात दोन गोष्टी सुटतात. पहिली वेगाची. छापील नमुना बदलायला राजपत्र, छपाई, जुन्या कागदांचा साठा संपणे, इतका वेळ लागे. या दिरंगाईला आपण नेहमी नावे ठेवतो, पण तिच्यात विरोधाला जागा होती, कारण बदल येण्याआधी तो दिसे. फायलीतली एक ओळ दुपारी खोडली, तर संध्याकाळी उमरखेडपासून वणीपर्यंत प्रत्येक फोनवर तो पर्याय नाहीसा झालेला असतो, आणि काल तो तिथे होता याचा कागद कोणाच्याच हाती नसतो. दुसरी गोष्ट कडेची. कागदाला कड असते. ‘इतर हक्क’ आणि ‘शेरा’ हे दोन रकाने नमुना आखणाऱ्यानेच ठेवले होते, कारण आपल्या चौकटीत सारे मावणार नाही हे त्याला ठाऊक होते. वहिवाटीची वाट, विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा, आंब्याच्या झाडावरचा हक्क, हे सारे तिथे उतरे. पडद्याला कड नसते. मान्य उत्तरांच्या यादीत जे नाही ते टंकताच येत नाही.

अर्थात ही कड म्हणजे काही पुण्यभूमी नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात खाडाखोड करून जमिनी लाटल्या गेल्या, मागल्या तारखेचे फेरफार घुसवले गेले, आणि पटवाऱ्याची मर्जी हा गावचा एक स्वतंत्र कर होता. हस्तलिखित सातबारा जाऊन संगणकीय आला, ई-फेरफार आला, १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, सप्टेंबर २०२०मध्ये उताऱ्याचे रूपच नव्याने ठरले, तेव्हा या मनमानीला मोठा लगाम बसला. ज्यांनी तलाठ्याच्या दारात दहा-दहा हेलपाटे घातले त्यांना कागदाच्या कडेचे कौतुक सांगू नये, हे मी मानतो. यंत्राने चुकीचे उत्तर नाकारणे हा गुणच आहे. मात्र चूक कोणती हे ठरवणारी अटही त्याच मजकुरात लिहिलेली असते. ती अट खोटे अडवते, आणि लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेले खरेही अडवते.

ई-पीक पाहणीत हे दोन्ही एकाच वेळी दिसते. पूर्वी तलाठ्याने गावाला आगाऊ कळवून शिवारात फिरावे आणि बारा नमुना भरावा असा नियम होता. पुष्कळ ठिकाणी शिवाराऐवजी खुर्चीतूनच पाहणी होई, आणि गेल्या वर्षीचे पीक यंदाही उगवे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच फोनवर पीक नोंदवावे अशी सोय झाली. हंगाम निवडा, पिकाचा वर्ग निवडा, नाव निवडा, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख, आणि वावरात उभे राहून फोटो. पुढच्या आवृत्तीत अठ्ठेचाळीस तासांत आपली नोंद दुरुस्त करण्याची मुभा आणि दहा टक्के नोंदींची तलाठ्याकडून पडताळणी आली. आपल्या जमिनीविषयीचा सरकारी रकाना शेतकऱ्याने स्वतः भरावा, हे या जिल्ह्याच्या महसुली इतिहासात प्रथमच घडले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण प्रश्न सुरू होतो निवडीच्या याद्यांपाशी. यवतमाळात कपाशीच्या तासांत तुरीचे तास असते. ते निर्भेळ नाही आणि मिश्र म्हटले तर कोणाचे क्षेत्र किती? शेतकऱ्याला तास मोजता येतात, अर्जाला हेक्टर-आर हवे असतात. नोंद चुकली की विमा, अनुदान आणि हमीभावाची खरेदी, तिन्ही ठिकाणी तीच चूक पुढे उभी राहते.

याहून खोल गोष्ट पर्यायाच्या नव्हे, प्रश्नाच्याच अभावाची आहे. राज्याच्या जुन्या बारा नमुन्यात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ आणि ‘रीत’ असे रकाने होते. रीत म्हणजे जमीन कोण कशी कसतो : स्वतः, मजुरांकरवी, रोख खंडाने की बटाईने. कूळकायद्याच्या काळात या दोन रकान्यांनी हजारो दावे जिंकवले आणि हरवले. पुढे हे रकाने गेले, मालकाखेरीज दुसऱ्याच्या कब्जाची नोंद सात-ब नावाच्या वेगळ्या नमुन्यात, तहसीलदाराच्या चौकशीनंतर करायची ठरली आणि ती व्यवहारात दुर्मीळ झाली. मालकांना हे हवेच होते. आजच्या बारा नमुन्यात पीक आहे, पाण्याचे साधन आहे, पडीक जमीन आहे, पण कसणारा नाही. ई-पीक पाहणीने तोच नमुना फोनवर आणला, म्हणून तिथेही प्रवेश खातेदाराच्या नावानेच. ठोक्याने वावर करणारा भूमिहीन माणूस, ज्याने बियाणे, खत, फवारणी यांचा सारा खर्च उचलला आहे, तो पीक पेरतो, वेचतो, विकतो आणि अर्जात कुठेच नसतो. त्याच्या नावाने पीककर्ज निघत नाही आणि गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यात जाते. त्याला कोणी नाकारलेले नाही. त्याच्याविषयी प्रश्नच लिहिलेला नाही, आणि न लिहिलेल्या प्रश्नाविरुद्ध अपील करता येत नाही.

तंत्रज्ञ यावर म्हणतील, की एक ओळ वाढवायला कितीसा वेळ लागतो. मलाही तेच म्हणायचे आहे. १९७१चा नमुना बदलणे जड होते ही सबब तेव्हा चालून गेली. वर्णनाच्या फायलीत ‘जमीन कोण कसतो’ ही ओळ घालणे पाच मिनिटांचे काम असेल, तर ती न घालणे ही तांत्रिक अडचण उरत नाही, तो निर्णय ठरतो. आणखी एक आक्षेप राहतो : ही फाईल खेड्यातल्या माणसाला थोडीच वाचता येणार आहे? अँडरसनचे पुस्तकही त्याला वाचता येत नव्हते. पण ते वाचू शकणारा वकील, शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता, तालुक्याचा वार्ताहर हे मधले लोक होते, आणि त्यांच्यामुळे नमुन्यावर वाद होऊ शकला. शिवाय नव्या पद्धतीचे वर्णन जुन्या पुस्तकापेक्षा सोपे असते, प्रश्न, पर्याय आणि अटी अशी ती सरळ यादी असते. शासन निर्णयात योजना येते, निकष येतात, पण पडद्यावरच्या प्रश्नांची आणि पर्यायांची पूर्ण यादी तिथे क्वचितच येते. १९७१च्या नियमांना नमुने जोडलेले होते, तशी ही यादी जोडायला कोणताही कायदा आड येत नाही. वनहक्काच्या नियमांनी दाव्याची प्रपत्रे अ, ब, क नियमांतच छापली, म्हणून केळापूर-झरीच्या कोलाम पोडांवर काम करणाऱ्यांना ती आधी वाचता आली, समजावून सांगता आली.

तेव्हा यवतमाळच्या ग्रामसभांनी एक ठराव करावा. खरिपाची नोंदणी सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी त्या हंगामाचे सारे प्रश्न, त्यांचे पर्याय आणि गेल्या वर्षापासून त्यांत झालेले बदल मराठीत छापून चावडीवर लावावेत, आणि त्या कागदाच्या तळाशी चार ओळींची जागा कोरी ठेवावी.